उपवासकाळ २०२७ : कॅथलिक धर्मग्रामातली (पॅरिशमधली) तयारी, राखेपासून झावळ्यांपर्यंत

सॅक्रिस्टीची_किल्ली (धागाकर्ता)

२०२७चा उपवासकाळ (ईस्टरआधीचे प्रायश्चित्ताचे चाळीस दिवस) लवकर येतोय. ईस्टर २८ मार्चला, म्हणून राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला. प्रभूच्या स्नानसंस्काराचा सण १० जानेवारीला आहे, म्हणजे नाताळचा गोठा आवरला की बरोबर महिन्याभरात जांभळी वस्त्रं बाहेर काढायची. ज्या वर्षी असं होतं त्या वर्षी हमखास काहीतरी राहून जातं, म्हणून आधीच धागा काढला.

तारखा एकदा लिहून घ्या. पहिला रविवार १४ फेब्रुवारी, मग २१ आणि २८ फेब्रुवारी, चौथा ७ मार्च, पाचवा १४ मार्च, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, पवित्र गुरुवार २५ मार्च. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं (अ, ब, क) हे वर्ष 'ब'.

आता या वर्षीच्या दोन गोची. संत योसेफ यांचा महासण (सर्वांत वरच्या दर्जाचा सण), १९ मार्च, शुक्रवारी येतोय. आणि मरियेला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाचा महासण, २५ मार्च, नेमका पवित्र गुरुवारी. दुसरा पुढे ढकलला जातो: पवित्र आठवडा आणि ईस्टरचा आठवडा संपल्यावरच्या सोमवारी, म्हणजे ५ एप्रिलला. पहिला आहे तिथेच राहतो, आणि धर्मसभेच्या कायद्याच्या १२५१व्या कलमानुसार महासण शुक्रवारी आला तर मांसवर्जन बंधनकारक राहत नाही. हे आधीच जाहीर केलं नाही तर १९ तारखेला दिवसभर फोन वाजत राहतो.

बुधवारी कपाळावर लावायच्या राखेवर कोणी लिहील का? दरवर्षी तिथेच घोळ होतो.

डहाळी

राखेवर मी लिहिते.

मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या डहाळ्यांचीच राख करायची. विधिग्रंथात ऑलिव्हच्या किंवा इतर झाडांच्या डहाळ्या असं म्हटलंय, त्यामुळे ताडवर्गीय पानंच हवीत असं नाही. लोकांच्या घरून त्या परत मागवायला जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपासून दाराशी टोपली ठेवा. फेब्रुवारीत घोषणा केली तर उशीर होतो, कारण गोळा झालेल्या निम्म्या डहाळ्या दमट निघतात आणि त्या वाळायलाच आठवडा जातो.

जाळण्याआधी प्रत्येक डहाळी हातात घेऊन बघा. फिती, सुतळी, स्टेपलरच्या पिना, प्लास्टिकचं वेष्टन, चिकटवलेली चित्रं, सगळं काढा. प्लास्टिक एकदा वितळलं की राख चिकट होते आणि ती घाणी टाकूनच द्यावी लागते. मग बोटभर तुकडे करा आणि लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात, उघड्यावर, वारा नसताना जाळा. वाळलेली पानं भसकन पेटतात, म्हणून थोडी थोडी टाका. पाण्याची बादली जवळ हवी.

खरी मेख इथे आहे. पूर्ण जळू दिलं तर राख पांढुरकी होते. ती कपाळावर दिसत नाही आणि जास्त क्षारयुक्तही असते. आपल्याला हवी ती काळी, कोळशासारखी. ज्वाळा बसली आणि पानं काळी ठिक्कर पडली की भांड्यावर घट्ट झाकण ठेवा. हवा तुटली की कोळसा तसाच राहतो. पूर्ण गार होऊ द्या, रात्रभर ठेवलं तर उत्तम, मग खलबत्त्यात कुटा आणि मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळा. शिरा राहिल्या तर कपाळाला टोचतात. पिशवीभर डहाळ्यांतून वाटीभरसुद्धा राख निघत नाही, पण काळजी नको, चिमटीत बरीच माणसं होतात.

आणि एक कळकळीची विनंती: राखेत पाणी घालू नका. राखेतले क्षार पाण्यात उतरले की ते द्रावण त्वचेला चुरचुरतं, लहान मुलांच्या आणि नाजूक त्वचेवर भाजल्यासारखा डाग उठतो. ओलसर हवी असेल तर ऑलिव्ह तेलाचे थेंब, तेही मोजून. जास्त झालं तर ओघळ नाकावर येतो. कोरडी राख सर्वांत सुरक्षित.

नियमपुस्तक

डहाळीताईंनी राख दिली, मी विधीची बाजू घेतो.

बुधवारच्या मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) सुरुवातीचा पश्चात्तापविधी गाळायचा, कारण राख लावणं हाच त्याच्या जागी येतो. प्रवचनानंतर राखेवर आशीर्वाद, पवित्र पाण्याचं शिंपण, मग वाटप. गौरवगान ('ग्लोरिया') नाही, श्रद्धेचा अंगीकार ('क्रीडो') नाही. वाचनं ठरलेली आहेत: योएल २, स्तोत्र ५१, दुसरं करिंथ ५ आणि मत्तय ६. राख लावतानाची वाक्यं दोन, एक मार्क १:१५ वर आधारित (पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा) आणि दुसरं उत्पत्ती ३:१९ वरून (तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील). दोन्हीपैकी एक. काही जण दोन्ही जोडून म्हणतात. रांग दुप्पट वेळ चालते, फायदा काहीच नाही.

आशीर्वाद धर्मगुरू किंवा डीकननेच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) द्यायचा. वाटपाला गरज असेल तर प्रापंचिक सेवक चालतात, आणि आशीर्वादित राख आजाऱ्यांच्या घरीही नेता येते. राख हा संस्कार नाही, संस्कारसदृश चिन्ह आहे. त्यामुळे लहान मूल, दीक्षार्थी (स्नानसंस्काराची तयारी करणारा), इतर पंथाचा पाहुणा, कुणालाही लावता येते. रांगेत कुणाला 'तुम्ही कॅथलिक का' म्हणून अडवू नका.

कपाळावर क्रूस काढायचा की डोक्यावर चिमूटभर शिंपडायची, हा वाद निष्फळ आहे. दोन्ही रीती जुन्या आहेत. २०२१च्या जानेवारीत उपासनाविषयक रोमन कार्यालयाने साथीमुळे जी सूचना काढली तिच्यात शिंपडण्याचीच रीत होती, आणि वाक्य सर्वांसाठी एकदाच म्हणायचं होतं.

हो, आणि राखेचा बुधवार हा मिस्सेला येण्याच्या सक्तीचा दिवस नाही. गर्दी बघून तसं वाटतं खरं!

शिकाऊ_वाचक

चाळीस दिवस कसे मोजायचे? बुधवारपासून शनिवारपर्यंत मोजले तर ४६ येतात. आणि उपवासकाळासाठी सोडलेली गोष्ट रविवारी खाल्ली तर चालतं का?

नियमपुस्तक

दोन हिशेब आहेत. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस, त्यातून सहा रविवार वजा केले की ४०. हा उपवासाचा जुना हिशेब, कारण रविवारी उपवास करत नाहीत. दुसरा, पहिल्या रविवारपासून पवित्र गुरुवारपर्यंत सरळ मोजलं तरी ४०च येतात. उपासनेच्या दिनदर्शिकेनुसार उपवासकाळ बुधवारी सुरू होतो आणि गुरुवारी संध्याकाळच्या प्रभुभोजनाच्या मिस्सेपाशी संपतो. म्हणजे पवित्र गुरुवारची संध्याकाळ, गुड फ्रायडे आणि शनिवार हे पास्काच्या (ईस्टरच्या) तीन दिवसांचे, उपवासकाळाचे नव्हेत.

रविवारचं म्हणाल तर स्वतःहून सोडलेल्या गोष्टीवर धर्मसभेचा कायदा काहीच बोलत नाही. ज्याने सोडली त्याने ठरवावं. मात्र रविवार उपवासकाळातलेच आहेत, म्हणून वेदीवर त्या दिवशीही जांभळंच.

कायद्यातला उपवास फक्त दोन दिवस: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वयाची १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे ५९वा वाढदिवस होईपर्यंत. एक पूर्ण जेवण, आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं खाणं. पोप पॉल सहावे यांच्या १९६६च्या आदेशात हेच प्रमाण आहे, थोडं म्हणजे किती ते स्थानिक रूढीवर सोडलंय. मांसवर्जन वेगळं: १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, वरच्या वयाची मर्यादा नाही, हे दोन दिवस आणि शुक्रवार. मांस वर्ज्य, अंडी, दूध, दुधाचे पदार्थ वर्ज्य नाहीत, मासेही नाहीत. शुक्रवारी मांसाऐवजी दुसरं प्रायश्चित्त चालेल का, हे प्रत्येक बिशप परिषदेने आपापल्या प्रदेशासाठी ठरवलेलं असतं. आपल्या धर्मप्रांताचं पत्रक वाचा, समाजमाध्यमांवर फिरणारं चित्र नको.

आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बाया, कष्टाचं काम करणारे यांना उपवास लागू नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणं हे प्रायश्चित्त नव्हे, दवाखान्याची वाट आहे.

मधल्या_पट्टीतला

गायनमंडळांसाठी दोन शब्द, थोडे कडवट.

आलेलुया बुधवारपासून पास्काच्या जागरणापर्यंत (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीपर्यंत) नाही. नाही म्हणजे नाही. १९ मार्चच्या महासणालासुद्धा नाही, अंत्यविधीतही नाही. शुभवर्तमानाआधी दुसरा जयघोष म्हणायचा. चूक तिथे होत नाही, चूक कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद घेतानाच्या) गीतात होते. ओळखीचं गाणं उचलतात आणि तिसऱ्या कडव्याच्या शेवटी आलेलुया बसलेलं असतं. सगळ्या गीतांची सगळी कडवी जानेवारीतच तपासा.

गौरवगान रविवारी नाही, पण महासणांना आणि सणांना आहे. २०२७मध्ये उपवासकाळात ते दोनदा म्हणायचंय: २२ फेब्रुवारीला, सोमवारी, संत पेत्राच्या आसनाच्या सणाला, आणि १९ मार्चला. २५ मार्चच्या संध्याकाळचं धरलं तर तिसऱ्यांदा, पण तो पास्काच्या दिवसांचा भाग झाला.

वाद्यं फक्त गायनाला आधार द्यायला. सुरुवातीचं वादन, कडव्यांमधले तुकडे, अर्पणाच्या वेळची एकट्या किबोर्डची कसरत, सगळं बंद. अपवाद चौथा रविवार, महासण आणि सण. सूर धरायला एक स्वर द्या आणि हात काढा. लोकांचा आवाज पहिल्या दोन रविवारी बिचकतो, तिसऱ्यापासून मोकळा होतो. तबलेवाल्यांना आधी समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपल्याला काढून टाकलं.

डहाळी

+१. फुलांचंही तसंच आहे. वेदीवर फुलं नाहीत, चौथा रविवार, महासण आणि सण सोडून. पण रिकामी जागा बघवत नाही म्हणून काहीजण वाळू, दगड, काटेरी फांद्या, मडकी, दोरखंड आणून वेदीपुढे वाळवंटाचा देखावा उभारतात. फुलं काढून फुलांपेक्षा दुप्पट सजावट! रिकामं ठेवायचं म्हणजे रिकामं ठेवायचं.

मेणाचा_थेंब

आणि पवित्र पाण्याच्या भांड्यांत वाळू भरणं? आमच्याकडे काहीजण त्यालाच फार भक्तिभाव समजतात.

नियमपुस्तक

ते चुकीचं आहे. उपासनाविषयक रोमन कार्यालयाने मार्च २०००मध्ये लेखी उत्तर दिलं आहे: उपवासकाळात पवित्र पाणी काढून ठेवू नये. स्नानसंस्काराची आठवण हाच या काळाचा गाभा, आणि नेमकं तेच पाणी काढायचं? पाणी काढायचे दिवस पास्काच्या त्रिदिनात येतात, जागरणात नवं पाणी आशीर्वादित होतं तोपर्यंत.

मूर्ती आणि क्रूस झाकणं पाचव्या रविवारपासून, तेही बिशप परिषदेने रीत ठेवली असेल तिथे. पहिल्या दिवसापासून नाही. क्रूस गुड फ्रायडेचा विधी संपेपर्यंत झाकलेले, मूर्ती जागरण सुरू होईपर्यंत. क्रूसाच्या वाटेची स्थानकं (प्रभूच्या दुःखसहनाचे टप्पे) झाकत नाहीत.

सॅक्रिस्टीची_किल्ली

झाकण्याच्या कापडाबद्दल भर घालतो. जांभळं, साधं, आरपार न दिसणारं, नक्षी नको. प्रत्येक मूर्तीचं माप घेऊन शिवा आणि आतल्या बाजूला मूर्तीचं नाव लिहा. टाचण्या लावू नका, रंगाचे टवके उडतात. मागून नाड्या बांधा. काम १३ मार्चला, शनिवारी दुपारी, रविवारची आदल्या संध्याकाळची मिस्सा असेल तर तिच्याआधी. पंख्याच्या खालच्या मूर्तीला खाली जड पट्टी शिवा, नाहीतर प्रवचनात सगळ्यांचं लक्ष त्या फडफडीकडे.

चौथ्या रविवारची गुलाबी वस्त्रं ऐच्छिक आहेत. नसतील तर जांभळी. त्यासाठी वर्गणी काढू नका.

मेणाचा_थेंब

पापनिवेदनाचं नियोजन सांगतो. इथे भक्तीपेक्षा गणित जास्त लागतं.

सामुदायिक प्रायश्चित्त विधी, पण पापनिवेदन आणि क्षमादान एकेकट्याचं, हा प्रकार बहुतेक धर्मग्रामांत होतो. सर्वांना एकत्र सरसकट क्षमा हा प्रकार गंभीर निकडीपुरताच आहे, गर्दी हे कारण धरत नाहीत. माणशी तीन मिनिटं धरा. २०० माणसं म्हणजे ६०० मिनिटं. सहा धर्मगुरू असतील तर १०० मिनिटं, तीन असतील तर २००, आणि मग शेवटच्या तासात प्रत्येकाला पाऊण मिनिट मिळतं. म्हणून शेजारच्या धर्मग्रामांशी जानेवारीतच वार वाटून घ्या: सोमवारी इथे, मंगळवारी तिथे, सगळे फादर सगळीकडे. पवित्र आठवड्यावर ढकलू नका.

वचनविधी आणि आत्मपरीक्षण मिळून २५ मिनिटांच्या वर नको. आत्मपरीक्षणाचे प्रश्न दहा-बारा, प्रत्येकानंतर खरी शांतता.

बसण्याच्या जागा एकमेकांपासून आणि रांगेपासून इतक्या लांब की शब्द ऐकू जाणार नाही. रांगेतला पहिला माणूस जिथे थांबायचा तिथे जमिनीवर पट्टी चिकटवा. हलकं गायन चालू ठेवा, त्याचा खरा उपयोग आवाज झाकायला. जाळीआडून बोलायची सोय किमान एका ठिकाणी हवीच, तो कायद्याचाच भाग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं: प्रत्येक फादरच्या गळ्यातला माइक बंद आहे ना, हे ध्वनियंत्रणेजवळ बसलेल्याने नुसतं विचारायचं नाही, मिक्सरवर ती वाहिनी स्वतः खाली ओढायची.

पोप फ्रान्सिस यांनी २०१४मध्ये सुरू केलेले 'प्रभूसाठी २४ तास' चौथ्या रविवारच्या आदल्या शुक्रवार-शनिवारी असतात, २०२७मध्ये ५ आणि ६ मार्च. रात्रभर दार उघडं ठेवणार असाल तर दर तासाला दोन माणसं दाराशी आणि निदान एक धर्मगुरू आत, असं वेळापत्रक करा. रात्री दोन ते चार ही वेळ कुणी घेत नाही, ती आधी भरा.

शिकाऊ_वाचक

वर्ष 'ब' आहे, पण आमच्याकडे प्रौढ दीक्षार्थी आहेत. मग वाचनं कुठली?

नियमपुस्तक

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी ज्या मिस्सेत त्यांचे परीक्षणविधी (स्नानसंस्काराआधीच्या तयारीचे विधी) होतील तिथे वर्ष 'अ' ची: शोमरोनी स्त्री (योहान ४), जन्मांध (योहान ९), लाजरस (योहान ११). इतर मिस्सांना 'ब' ठेवू शकता किंवा सगळीकडेच 'अ' घेऊ शकता. दीक्षार्थी नसले तरी 'अ' घ्यायला मुभा आहे. गडबड अशी होते की फादर शोमरोनी स्त्रीवर प्रवचन तयार करतात आणि वाचक 'ब' चं पान उघडतो. म्हणून वेळापत्रकात नुसतं 'तिसरा रविवार' लिहू नका, मिस्सेची वेळ आणि पान क्रमांक लिहा.

पायवाट

क्रूसाच्या वाटेबद्दल कुणी बोललं नाही अजून.

स्थानकं चौदा. पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१मध्ये ही संख्या पक्की केली. पूर्ण दंडमोचनासाठी (पापक्षमेनंतर उरलेल्या शिक्षेतून सुटकेसाठी) विधिवत स्थापलेली चौदा स्थानकं, प्रभूच्या दुःखसहनाचं मनन आणि एका स्थानकाकडून दुसऱ्याकडे जाणं लागतं. गर्दीत सगळ्यांना हलता येत नसेल तर पुढारी हलला तरी पुरतं. सोबत पापनिवेदन, कम्युनियन आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना, या नेहमीच्या अटी आहेतच. स्थानकाला मूळ लागतो तो क्रूस, चित्र नंतर. पंधरावं पुनरुत्थानाचं स्थानक जोडायचं तर जोडा, पण चौदांपैकी एक गाळून नको.

वेळ: स्थानकाला अडीच मिनिटं धरली की ३५, सुरुवात-शेवट धरून ४५. मननाचा उतारा शंभर शब्दांच्या आत असला तरच हे जमतं. दीडशेचा झाला की गाडी तासावर जाते आणि नवव्या स्थानकापासून म्हातारी माणसं बसूनच राहतात. गुडघे टेकणं प्रत्येक स्थानकाला एकदाच, त्याची खूण वेदीसेवकाने द्यावी. उघड्यावर असेल तर माइकची बॅटरी आदल्या रात्री भरा आणि मेणबत्त्यांना काचा लावा. वाचक चौदा नकोत, तीन पुरेत. चौदा वाचक म्हणजे तेरा वेळा माइकची उंची बदलणं.

सॅक्रिस्टीची_किल्ली

दानपेटीबद्दल थोडक्यात. हेतू पहिल्या रविवारी जाहीर करा, शेवटची रक्कम ईस्टरनंतरच्या रविवारी फलकावर लावा. विशिष्ट हेतूसाठी दिलेलं दान त्याच हेतूला वापरायचं, हे कलम १२६७मध्ये आहे. छप्पर गळतंय म्हणून उपवासकाळाचे पैसे तिकडे वळवता येत नाहीत. मोजायला दोन माणसं, एका घरातली नकोत.

लग्नांबद्दलही विचारणा येते. उपवासकाळात लग्नाला सरसकट बंदी नाही, पण काळाचं भान ठेवायला सांगतात आणि स्थानिक नियम कडक असू शकतात. अंत्यविधीची मिस्सा उपवासकाळातल्या रविवारी होत नाही, पवित्र गुरुवारी आणि त्रिदिनातही नाही. त्या दिवशी मिस्सेविना अंत्यविधी होतो. दुःखात असलेल्या घरच्यांना हे दाराशी कळू नये, कार्यालयात फोन उचलणाऱ्यालाच ठाऊक असावं.

डहाळी

झावळ्यांच्या रविवारसाठी: डहाळ्या आदल्या दिवशीच तोडा, देठ पाण्यात किंवा वरून ओलं गोणपाट. दुःखसहनाचं वाचन 'ब' वर्षी मार्कचं. तिघांत वाटलेलं असेल तर ख्रिस्ताचे शब्द शक्यतो धर्मगुरूकडे. प्रभूने प्राण सोडल्यावर सगळे गुडघे टेकतात, तिथे वाचकाच्या प्रतीत लाल रेघ मारा, नाहीतर तो पुढचं वाक्य वाचून मोकळा होतो. वस्त्रं लाल.

मेणाचा_थेंब

एक राहिलं. बुधवारी उरलेल्या राखेचं काय करायचं?

डहाळी

आशीर्वादित आहे, त्यामुळे कचऱ्यात किंवा गटारात नाही. सॅक्रिस्टीतल्या (चर्चची वस्त्रं-भांडी ठेवायच्या खोलीतल्या) थेट जमिनीत जाणाऱ्या पवित्र कुंडात, नाहीतर बागेत पायाखाली न येणाऱ्या जागी पुरा. आशीर्वादाआधीची चाळलेली राख वेगळी उरली असेल तर ती झाकणाच्या बाटलीत कोरडी ठेवा, वर्ष लिहून. पुढच्या वर्षी टोपलीत कमी डहाळ्या आल्या तर कामाला येते. आणि वाटप करणाऱ्यांच्या हातांसाठी लिंबाची फोड, साबण आणि जुना टॉवेल. सॅक्रिस्टीतला पांढरा टॉवेल लपवून ठेवा.